जादूगारणीचं अर्थिंग

आमच्या शेजारचा सत्तार हा राळेगावातला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे जगातला, एकमेव माणूस असेल ज्यानं भर लढाईत एका जादूगारणीला "तुह्यं अर्थिंग कुठं आहे?" असं विचारलं. जादूगारीण कागदावरची होती. समोरचा राक्षसही कागदावरचाच. सत्तारचा राग मात्र खरा होता. हातातली पक्कड त्यानं माझ्या ओट्यावर आपटली आणि ओट्याचा टवका उडवला. "भरून देतो काकू," म्हणाला. अजून दिलेला नाही.

आधी तो खेळ सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी वाट्टेल ते लिहिते. माझी नात वैशू अमरावतीला इंजिनिअरिंगला होती. परीक्षा देऊन उन्हाळ्यात घरी आली, ती होस्टेलवरून हे खूळ घेऊन आली. या खेळात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीत शिरतात. कोणी तलवारवाली होते, कोणी जादूगारीण. "समोर गुहा आहे, आत जाता का?" असं गोष्ट सांगणारी विचारते. जातो म्हटलं की फासा टाकायचा. फासा वीस बाजूंचा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा जुगार समजून चुलीत टाकायला निघाले होते. वैशूनं माझा हात धरला. "आजी, यात पैसे नसतात." मग काय असतं? तर म्हणे शक्ती असते. प्रत्येक जादूगारणीला रोज वीस शक्ती मिळतात. आगीचा गोळा टाकला की पाच गेल्या, वीज पाडली की सात. झोपून उठलं की पुन्हा वीस. मी म्हटलं, बरं आहे बाई त्यांचं. मी झोपून उठते तेव्हा कंबर धरलेली असते.

त्या वर्षांत कापसाचा भरवसा नव्हता आणि विजेचा तर त्याहून नव्हता. सकाळी दहाला लाइट जायची ती दुपारी चारला यायची. कूलर बंद, टीव्ही बंद, आत भट्टी. आमचा ओटा उत्तरेकडचा, पुढे कडुनिंब, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचा डोळा माझ्या ओट्यावर. वैशू तिथं चटई टाकून बसायची. ती गोष्ट सांगायची. खेळायला दोघी होत्या. मागच्या गल्लीतली सुनंदा, डी.एड. होऊन तीन वर्षं घरी बसलेली. आणि कंडक्टरची पिंकी, बारावीची, जिला बोलताना श्वास घ्यायचा असतो हे माहीत नव्हतं. कागद, पेन्सिल, फासा आणि खेळाच्या नियमांचं एक पुस्तक. याला लाइट लागत नाही. मी म्हटलं, खेळा. निदान शेजारच्या घरची चर्चा तरी करत नाहीत.

सत्तारचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. पुढे दुकान, मागे घर. विहिरीवरच्या मोटारी त्या काळात धडाधड जळायच्या, कारण लाइट यायची तीही अर्धमेली. बैलगाडीतून, सायकलवरून, एकदा तर एसटीच्या टपावरून मोटार आली. सत्तार जळकी तार काढायचा, नवीन तांब्याची तार भरायचा. वेढे मोजायचा. मोजताना पंतप्रधान आला तरी मान वर करणार नाही. पण भरलेली मोटार चालवून पाहायला लाइट पाहिजे. ती दहाला गेली की सत्तार रिकामा. दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसायचा आणि खांबाकडं असं बघायचा जसं काही खांबानंच त्याची मजुरी बुडवली आहे.

घरात कोणी नाही. बायको जुबेदा जाऊन दोन वर्षं झाली होती. एक मुलगा नागपूरला, एक हैदराबादला. फोन करतात. सत्तार फोनवर चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन व्होल्टेजवर असतात.

त्याचं एक पालुपद आहे. "आलं कुठून अन् गेलं कुठं?" कोणी काहीही सांगो, सत्तारचा हाच प्रश्न. पुसदकडचा कोणी बाबा हवेतून अंगारा काढतो असं गल्लीत कोणी सांगितलं, की सत्तार म्हणणार, "आला कुठून? हवेतलं वजन तेवढं कमी झालं का?" लग्नात पंगतीला बसला तरी वाढप्याला विचारील. लोक हसतात. मीही हसत होते, बियाण्याच्या सभेपर्यंत.

ती सभा या खेळाच्या आदल्या वर्षीची. एक पोरगा मोटारसायकलवर आला, टाय लावून, मे महिन्यात. माझ्याच ओट्यावर पंचवीस माणसं बसली. पोरगा म्हणाला, हे बियाणं टाका, खत निम्मं, पाणी निम्मं, कापूस दुप्पट. सगळ्यांनी माना हलवल्या. सत्तार दारातून ओरडला, "थांबा साहेब. खत निम्मं, पाणी निम्मं, ऊन तेवढंच. मग दुप्पट कापूस आला कुठून?" पोरगा म्हणाला, "टेक्नॉलॉजी आहे, चाचा." सत्तार म्हणाला, "मोटारीत बी टेक्नॉलॉजी आहे. तिच्यात टाकलं तेवढंच निघते. उलटं थोडं कमीच निघते."

मी सत्तारला गप्प बसवलं. पाहुण्याचा अपमान माझ्या ओट्यावर नको. दोन पिशव्या घेतल्या. दसऱ्याला माझ्या वावरात पुरुषभर झाडं होती, हिरवीगार, आणि बोंडं शोधायला चष्मा लागत होता. सत्तारचं खरं निघालं. बियाणंवाल्याचा जेवढा राग आला, त्याहून जास्त मला सत्तारचा आला. खरं बोलणाऱ्यानं निदान नंतर तरी तोंड दिसू देऊ नये. हा तर भिंतीला भिंत लावून राहतो.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या कानावर पहिल्याच दिवशी काय पडावं? सुनंदा मोठ्यानं म्हणाली, "मी राक्षसावर आगीचा गोळा टाकते."

दारातून आवाज आला, "आग कशाची?"

"जादूची, चाचा," सुनंदा म्हणाली.

"जादू कशावर चालते?"

"शक्तीवर. माझ्याकडे वीस आहेत."

सत्तार स्टूल उचलून ओट्यापाशी आला. "वीस काय? वीस वॅट का वीस युनिट?"

पोरी एकमेकींकडं पाहून हसल्या. सत्तार हसला नाही. "हसता कायले? वॅट म्हंजे किती जोरात खाऊन राह्यलं ते. युनिट म्हंजे एकंदर किती खाल्लं ते. हे दोन येगळे आहेत. तुह्या पुस्तकात काय लिहिलं आहे?"

वैशू इंजिनिअरिंगची, तरी तिलाही सांगता येईना. पुस्तकात नुसतं वीस लिहिलेलं होतं. सत्तारनं कपाळाला हात लावला. "छापून राह्यले अन् एकक नाही लिहीत. हे लोक मोटारवर आकड्यांची प्लेट बी अशीच लावत असतील."

त्या दिवशी राक्षस मेला नाही. लाइट आली तरी वाद चालू होता.

दुसऱ्या दिवसापासून सत्तार दहाच्या ठोक्याला ओट्यावर. खेळायचा नाही. म्हणाला, मी खेळत नाही, मी फक्त बघतो. बघतो कसला! जादू झाली की त्याचा हात वर. सुनंदानं आग काढली की तो विचारायचा, ही उष्णता आणली कुठून? मग त्यानंच तोड काढली. "जादू म्हंजे फ्रीज समजा. फ्रीज आत थंड करते, तर मागं गरम होते. हात लावून पाहा. तसं तुमाले इथं आग पाहिजे, तर दुसरीकडून उष्णता उपसून आणा." त्याप्रमाणे सुनंदानं गावच्या विहिरीतून उष्णता उपसली. राक्षस भाजला, पण विहिरीचं पाणी गोठून दगड झालं आणि त्या कागदावरच्या गावाला प्यायला पाणी उरलं नाही. मग दोन दिवस पोरी राक्षस सोडून टँकरची व्यवस्था करत बसल्या. मी म्हटलं, जादूच्या राज्यातही टँकरच? मग आपलं राळेगाव काय वाईट होतं?

पण माझं डोकं खरं फिरलं ते चहावरून.

पिंकीला गुहेच्या तोंडावरचा दगड उचलायचा होता. तिच्याकडं शक्ती कमी होती. सत्तार म्हणाला, "उचल की. उचलणं सस्तं असते. महाग असते ते गरम करणं. एक कप चहा उकळायले जेवढी शक्ती लागते ना, तेवढ्यात पंधरा क्विंटल कापूस ट्रकवर चढते."

मी आत तूर निवडत होते. सूप तसंच टाकून बाहेर आले. "काय म्हणालास?"

"पंधरा क्विंटल, काकू. दोन मीटर उंच. हिशोब आहे."

"मी चाळीस वर्षं कापसाची गाठोडी उचलली. माझ्या कंबरेचे तीन मणके सरकले. आणि तू म्हणतोस ते एक कप चहाएवढं काम होतं?"

"काम तेवढंच होतं, काकू. आता माणसाच्या अंगात ते लई वाया जाते, घामात, धापेत..."

"वाया गेलं?"

सत्तारला कळलं की काहीतरी चुकलं, पण काय चुकलं ते कळलं नाही. तो हिशोब पुन्हा करून दाखवायला लागला. कागदावर. माझ्यासमोर. मी चौथी शिकलेली बाई आहे, मला ते आकडे कळले नाहीत. एवढं कळलं की आकडे खरे असणार, कारण सत्तारचे आकडे खरेच असतात. म्हणून तर संताप. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा केला आणि सत्तारला दिला नाही. सांगितलं, "तुला कापूस उचलून देते, तो पी."

पोरींनी मात्र यातून भलतीच युक्ती काढली. आग महाग, उचलणं स्वस्त, म्हणून त्यांनी आग टाकणं सोडलं आणि जो दिसेल त्याच्या डोक्यावर धोंडा उचलून आपटायला लागल्या. तीन राक्षस एका दुपारी. सत्तारचा चेहरा असा फुलला जसा पोराचा दहावीचा निकाल लागला.

आणि मग ती वीज पाडायची गोष्ट. नदीच्या पात्रात लढाई चालली होती. सुनंदा आणि पिंकी, म्हणजे त्यांची पात्रं, गुडघाभर पाण्यात उभी. सगळ्यात मोठा राक्षस समोर. पंधरा दिवस ज्याची वाट पाहिली तो. सुनंदानं उरलेली सगळी शक्ती लावून वीज पाडली. फासा टाकला, वीस पडले. वीस म्हणजे सगळ्यात चांगले. तिघी किंचाळल्या.

तेव्हाच ती पक्कड आपटली. "तुह्यं अर्थिंग कुठं आहे?"

"चाचा, वीस पडले!"

"फाशाले काय विचारता! पाण्यात उभी राहून वीज पाडली पोरीनं! राक्षस बी पाण्यात, तू बी पाण्यात, ही बी पाण्यात. करंट कोणाले ओळखते का? तिघंबी गेले."

"नाही गेलो!"

"गेले! मागच्या पावसाळ्यात ओल्या पायानं स्टार्टरले हात लावला अन् माणूस जाग्यावर गेला, मी पाह्यला आहे. तुमी हसतखेळत वीज पाडून राह्यले!"

वैशूनं पुस्तक मिटलं. पिंकी रडायला लागली. खरंच रडली. पंधरा दिवस जपलेली जादूगारीण गेली म्हणून. सत्तार उभाच होता. मग पक्कड घेऊन दुकानात गेला.

तिघी माझ्याकडं आल्या. वैशू म्हणाली, "आजी, तू चाचांना सांग. ते ओट्यावर बसणार असतील तर आम्ही खेळत नाही. माझी सुटी आठ दिवस राहिली आहे. एवढी एक गोष्ट पूर्ण करू दे."

"मी कायले सांगू? तुम्हीच सांगा."

"ओटा तुझा आहे."

हे खरं होतं. आणि मला सांगायला काही वाटतही नव्हतं. मी तोंडावर बोलणारी बाई आहे. भावजयीला मी तिच्या डोहाळजेवणात सांगितलं होतं की तुझा नवरा आळशी आहे. आणि तो माझा भाऊ आहे. तर सत्तारचं काय. शिवाय तो चहा माझ्या डोक्यातून गेला नव्हता. म्हटलं, सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट असतानाच गेले. सत्तार मोटारीला हात न लावता बसलेला. अंगात इस्त्रीचा शर्ट. समोर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर काहीतरी लिहिलेलं.

"या काकू. पाहा, सापडलं." त्यानं पान माझ्यापुढं धरलं. "पोरी नाराज झाल्या ना. मी सकाळपासून बसलो. ते नदीचं पात्र आहे ना, तिथं खडक आहे असं वैशूच्या नकाशात लिहिलेलं होतं. दोघी खडकावर उभ्या होत्या असं धरलं, खडक सुका होता असं धरलं, अन् दोघींच्या पायात रबरी चपला होत्या, तर वाचतात. लबाडी न करता वाचतात. मी दोनदा तपासलं."

"जादूगारणींच्या पायात रबरी चपला?"

"काहून नसतील? त्यांच्या राज्यात रबराचं झाड नाही का?"

मी काय बोलायला गेले होते ते तोंडात आणत होते. तेवढ्यात त्यानंच विचारलं, "वैशू कवा जाते, काकू?"

"आठ दिवसांनी."

"मग दुपारी..." एवढं म्हणून तो थांबला. खांबाकडं पाहिलं. लाइट होती तरी पाहिलं. "चालू द्या," म्हणाला. कशाला चालू द्या म्हणाला ते त्यालाच माहीत.

मी परत आले. पोरींनी विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, उद्या सांगते. वैशूनं माझ्याकडं असं पाहिलं की आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या तोंडाची लाज वाटली. उघडलं म्हणून नव्हे, उघडलं नाही म्हणून. सत्तारचा राग आलाच. माणसाला हाकलायला जावं आणि त्यानं इस्त्रीचा शर्ट घालून बसावं, हा काय न्याय झाला?

पोरींनी रबरी चपला मान्य केल्या आणि दोघी जिवंत झाल्या. चार दिवस धुसफुस करत खेळ चालला. मी रोज उद्या म्हणत होते. शेवटी वैशूनं स्वतःच बेत केला. मला सांगितला नाही, पण मी तिची आजी आहे, तिचा चेहरा मला वाचता येतो. सत्तारनं भडकावं, इतकं भडकावं की तिलाच "पटत नसेल तर बसू नका, चाचा" असं म्हणता यावं, अशी गोष्ट तिनं रचून आणली.

"सुनंदा," वैशू म्हणाली, "तुझ्या मागं गुहेचं दार कोसळलं. तू आत एकटी अडकली आहेस. आतली हवा संपत आली. बाहेरून दार फोडायला गावकऱ्यांना सहा तास लागणार आहेत. पिंकी, तू बाहेर आहेस. तुझ्याकडं श्वासाची जादू आहे. बाहेरून सुनंदाला श्वास पुरवता येतो. सहा तास." आणि सत्तारकडं बघत म्हणाली, "फक्त एक शक्ती लागते. एकच."

मी दारात उभी होते. म्हटलं, आता ओट्याचा दुसरा टवका जाणार.

सत्तार ओरडला नाही. त्यानं विचारलं, "सहा तास काहून?"

"असंच," वैशू म्हणाली. "दहा ते चार धरा."

सत्तारनं मान हलवली. मग म्हणाला, "एकानं नाही होत, बेटा. श्वासाले तीनशे वॅट लागते."

"कशावरून, चाचा?" पिंकीनं विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं.

"मशीनच्या मागं लिहिलेलं असते." तो फासा हातात घेऊन फिरवत होता. "हवेतून ऑक्सिजन काढायचं मशीन. तुह्या चाचीसाठी आणलं होतं नागपूरवरून, जुनं, मीच दुरुस्त केलं. वीस वर्षं जिनिंगमध्ये होती ना ती. कापसाची धूळ छातीत बसली होती. तर मशीन तीनशे वॅट खाते. दहाले लाइट जाये. पांढरकवड्याहून ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या आणल्या होत्या मी. त्या तीन तास चालत. सहा पाहिजे, अन् तीन आहे."

सत्तारला हिशोब अर्धा सोडता येत नाही. तो पुढं सांगत राहिला.

"मग मी सायकल बसवली मागच्या खोलीत. चाक काढून डायनामो जोडला, मोठा, ट्रकचा. पायडल मारलं की बॅटरीत भर पडते. पण एक माणूस किती देते? ऐंशी वॅट. त्याच्यावर नाही जात. लई जोर लावला तर शंभर, पण दहा मिन्टं. ऐंशीनं तीन तासाचे चार तास होत. दोन तास कमीच. त्या दोन तासात मी तिले दाराशी बसवून पंख्यानं वारा घालो. वाऱ्यानं काही होत नाही, ते मले बी माहीत होतं, तिले बी माहीत होतं." फासा त्यानं खाली ठेवला. "चार माणसं पाहिजे होती. चौघं बसले असते तर बॅटरीची बी गरज नव्हती. हिशोब तवाच केला होता."

"मग बोलावलं का नाही कोणाला?" सुनंदा म्हणाली.

"कोणाले म्हणू? लोकाइच्या आपल्या भानगडी होत्या. कापूस तसा, लाइट तशी. कोणाले म्हणू की रोज दुपारी येऊन माह्या घरी सायकल मार?" मग म्हणाला, "ती गेली तवा लाइट होती. म्हणून कोणाले दोष नाही. लाइटले बी नाही."

जुबेदा आजारी होती हे मला माहीत होतं. मशीन आहे हेही माहीत होतं. मी दोन-तीनदा भाकरी-पिठलं घेऊन गेले होते. सायकलचं माहीत नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात भिंतीपलीकडून रोज भर दुपारी गरगर गरगर असा आवाज यायचा. मला वाटायचं, तार गुंडाळायचं काही यंत्र आणलं असेल. माझा डोळा लागायच्या वेळेला हमखास. मी वरवंटा घेऊन भिंत ठोकायचे. "सत्तार, दुपारी तरी बंद ठेव रे!" ठोकलं की आवाज थांबायचा. मला वाटायचं, चला, माणूस ऐकणारा आहे.

किती दिवस ठोकली ते आठवत नाही. सत्तारला आठवत असेल. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानं ते सांगितलंही नाही. सगळा हिशोब सांगणारा माणूस, तेवढंच वगळलं.

"तर पिंकी एकटीनं नाही होत," सत्तार वैशूला म्हणाला. "चार पाहिजे."

"चाचा, बाहेर पिंकी एकटीच आहे," वैशू म्हणाली. "तुम्ही तर खेळात नाही."

"मग मले घ्या."

वैशूनं एक कोरा कागद काढून त्याच्यापुढं सरकवला. मग दुसरा काढला आणि त्यावर स्वतःचं नाव टाकलं. गोष्ट सांगणारीनं गोष्टीत शिरायचं नसतं म्हणे, पण शिरली.

"तीन झाले," पिंकी म्हणाली.

ओट्यावर मी एकटीच उभी होते. गुडघे कुरकुरत होते. मी पदर खोचला आणि चटईवर बसले. बसताना कोणाचा हात धरला नाही.

"काकू," सत्तार म्हणाला, "तुमाले सायकल येते?"

"जन्मात बसले नाही. कुठं पाय द्यायचा ते सांग."

वैशू पेन्सिल घेऊन म्हणाली, "आजी, तू कोण आहेस? जादूगारीण लिहू का तलवारवाली?"

"त्यातली कोणी नाही. शेजारीण लिही."

तिनं लिहिलं. सत्तार कॅलेंडरच्या पानावर बेरीज करत होता. "आमी तिघं ऐंशी-ऐंशी. दोनशे चाळीस. काकूचे या वयात साठ धरा. झाले तीनशे. बरोबर पुरते."

"साठ कशाला?" मी म्हटलं. "ऐंशी लिही."